नेल्स ओस्टबीची भूमिका

९ ऑक्टोबर १९५६, मंगळवार

आज सकाळी साडेदहाला मेलो. जेवणाच्या सुट्टीआधी परत एकदा मेलो, कारण पहिल्या वेळी कुणाच्या तरी टोपीची सावली माझ्या तोंडावर पडली होती. या खेपेला मी बँकेतला कारकून होतो. दोन वाक्यं, मग गोळी, मग काउंटरमागे कोसळायचं. दिग्दर्शक म्हणाला, "टिबेट्स, तुझ्यासारखं निपचित कुणी पडत नाही." पंचवीस वर्षांत माझ्या वाट्याला आलेलं कौतुक ते एवढंच, आणि ते मात्र सगळ्यांकडून.

घरी आलो तर मॅनीचा फोन. मॅनी लुबिन माझा एजंट.

"ऑर्व्हिल, तुला पत्र आलंय. म्हणजे नाव नाहीये त्यावर. 'गेल्या मंगळवारी दुपारच्या सिनेमात दारातून येऊन टोपी काढणारा माणूस' एवढंच लिहिलंय. टेलिव्हिजनवाल्यांनी माझ्याकडे पाठवलं. एवढ्यावरून तुला हुडकलंय, आता तरी म्हण की मी कामाचा आहे."

"कुणी प्रेमात पडलंय का?"

"पडायला तुझा चेहरा लक्षात राहायला हवा ना."

खरं आहे ते. रस्त्यात लोक मला थांबवतात. आपण कुठं भेटलोय, तुम्ही स्क्रँटनचे ना, तुमचं छपरांच्या दुरुस्तीचं दुकान होतं ना. नट आहे म्हटलं की हिरमुसतात.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

पत्र मिळालं. सिग्ने ओस्टबी नावाच्या बाईचं आहे. तेहाचापीच्या डोंगराजवळ त्यांची सफरचंदाची बाग आहे. ती आणि तिची अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई, दोघीच राहतात. थोरला भाऊ नेल्स १९३२ च्या जानेवारीत, कामधंद्यासाठी वणवण करून घरी परतत होता, तो पोचलाच नाही. चोवीस वर्षं झाली. ना पत्र, ना प्रेत.

पुढचं पत्रातूनच उतरवतो: "आई त्या दिवशी हात पुसत बाहेर आली आणि टेलिव्हिजनपुढे उभी राहिली. म्हणाली, तो बघ. सिनेमा संपेपर्यंत बसली नाही. मग म्हणाली, त्या माणसाला बोलाव. हा वेडेपणा आहे हे मला कळतं. तुमचा चेहरा नेल्ससारखा आहे असं मला तरी वाटलं नाही. पण आईनं आजवर माझ्याकडे काही मागितलेलं नाही."

तो सिनेमा मला आठवतो. मी इथं आलो त्याच वर्षीचा, माझं दुसरंच काम. दारातून यायचं, टोपी काढायची आणि म्हणायचं, "खाण ढासळली." कपडे ज्याचे त्यानं आणायचे. मला घेतलं तेच मुळी कपड्यांमुळे. रांगेतून बोट दाखवून तो माणूस म्हणाला होता, "तू, कोटवाला, ये."

१६ ऑक्टोबर, मंगळवार

जाणार म्हणून सांगितलं. व्हर्ना इस्त्री करत होती. लग्नाआधी ती स्टुडिओच्या कपडेपटात शिवणकाम करायची. अजूनही इस्त्री हातात घेतली की तिला खरं बोलायची लहर येते.

"ती बाई तुला मुलगा समजणार आणि तू समजू देणार."

"एक दुपार गं. म्हातारीला बरं वाटेल."

"तुला एक दुपार पुरायची नाही. दोन मिनिटांहून मोठी भूमिका तुला कधी मिळाली होती?"

मीही तोच विचार करत होतो.

२१ ऑक्टोबर, रविवार

सकाळी गाडी काढली. डोंगर चढताना कान बंद झाले. घाटाच्या वळणावर, रुळांच्या बाजूनं जाताना, उगाचच गाडी थांबवून थोडा वेळ बाहेर उभा राहिलो. मग पुढे निघालो.

सिग्ने चाळिशीची असेल. उंच, अबोल, हात रापलेले. दारातच हळू आवाजात म्हणाली, "टिबेट्ससाहेब, जास्त काही करू नका. बसा, कॉफी घ्या, जा."

आत म्हातारी चुलीपाशी उभी होती. मी टोपी काढली आणि म्हणालो, "मूर."

सिग्ने दचकली. त्यांच्या नॉर्वेच्या बोलीत आईला मूर म्हणतात. नंतर ती म्हणाली, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. खरंच नव्हतं सांगितलं. एवढ्या वर्षांत कुठल्या तरी नॉर्वेजियन नटाच्या तोंडून ऐकलं असेल.

म्हातारीनं माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की कॅमेऱ्यापुढेही मला एवढं उघडं कधी वाटलं नव्हतं. मग खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाली, "बस. भूक लागली असेल."

उकडलेले बटाटे, खारवलेला मासा, काळी कॉफी. मी थोडंच बोललो. नट वाक्य मागत नसतो, जागा मागतो. आणि ती मला जागा देत होती. जेवण झाल्यावर सहज, अगदी सहज, दाराकडे बघत म्हणालो, "ट्रिग दिसत नाही."

सिग्नेच्या हातातला चमचा खाली पडला. ट्रिग त्यांचा कुत्रा. १९३५ मध्ये मेला.

म्हातारी जराही हलली नाही. म्हणाली, "ट्रिग म्हातारा होऊन गेला. तुझी वाट बघत नव्हता. कुत्री इतकी वाट बघत नाहीत."

मोटारीपर्यंत सोडायला आलेली सिग्ने माझ्यापासून चार हात लांबून चालत होती. "हे नाव कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच फोनवर म्हणाला असाल."

"नाही."

मग सुचलं असेल. पात्राच्या कातडीत शिरलं की गोष्टी सुचतात, हे मी तरुण नटांना नेहमी सांगत आलो आहे. स्वतःला कधी अनुभव आला नव्हता इतकंच. परत येताना गाडी चालवत मी शीळ घालत होतो.

२३ ऑक्टोबर, मंगळवार

मॅनीनं आनंदाची बातमी दिली. नव्या वेस्टर्न मालिकेत म्हाताऱ्या स्टेशनमास्तरची भूमिका, ठरलेले तेरा भाग. पात्राला नाव आहे. नाव असलेली भूमिका मला याआधी कधी मिळाली होती ते व्हर्नालाही सांगता आलं नाही.

४ नोव्हेंबर, रविवार

परत गेलो. व्हर्नाला सांगितलं, शेवटचं. तिनं मान हलवली, विश्वास ठेवला असं नाही.

आज म्हातारीनं प्रश्न विचारायला सुरुवात केली. आवाज चढवत नाही, घाई करत नाही. भाजी निवडावी तसं एकेक विचारते.

"कुठवर आला होतास?"

"जवळच," मी म्हणालो. "घरीच येत होतो. मालगाडीत."

"थंडी होती?"

"बर्फ पडत होता. पण अंगावर कोट होता."

"हो, कोट होता," ती म्हणाली. "जाड लोकरीचा. मानेला टोचतो म्हणायचास. म्हणून कॉलरच्या आतून मी निळं कापड लावून दिलं होतं. माझ्याच जुन्या झग्याचं."

मी मानेवरून हात फिरवला, नकळत. चांगली जागा साधली असं वाटलं. गंमत म्हणजे मी ज्या कोटावर पहिली चार वर्षं कामं मिळवली त्यालाही आतून निळी पट्टी होती. त्या काळी तशी पद्धतच असावी.

सिग्नेनं मला घर दाखवायला नेलं. मागच्या दारी विहीर आहे, लाकडी झाकणाची. मी म्हणालो, "लहानपणी तुला हिची भीती वाटायची. खाली कुणीतरी राहतं म्हणायचीस." ती तिथंच थांबली. "हे फक्त नेल्सला माहीत होतं," म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "तुम्ही कोण आहात?"

"नट आहे, बाई," मी म्हणालो. "लहान मुली विहिरीला घाबरतात. अंदाज केला."

पण अंदाज केला नव्हता. बोलल्यावर मलाच ते नवीन होतं. वाक्य दुसऱ्याच कुणीतरी लिहून माझ्या तोंडात ठेवावं, तसं.

६ नोव्हेंबर, मंगळवार

व्हर्नाला कोटाची गंमत सांगितली. ती हसली नाही.

"ती पट्टी दुकानातली नव्हती," ती म्हणाली. "धुवायच्या वेळी मीच उसवली होती. हातानं घातलेले टाके, बारीक आणि दुहेरी. त्या टाक्यांवरून मला वाटलं होतं, याची कुणीतरी काळजी घेतंय. म्हणून तर तुझ्याशी बोलायला धजले नव्हते कितीतरी दिवस. ऑर्व्हिल, तो कोट तू कुठून घेतला होतास?"

"जुन्या बाजारातून असेल."

"असेल?"

खरंच आठवत नाही. नेब्रास्काहून निघालो, मिळेल त्या मालगाडीत चढलो, कुठं तरी ताप भरला. लॉस एंजेलिसच्या यार्डात रेल्वेच्या माणसांना मी बेशुद्ध सापडलो. न्यूमोनिया. तीन आठवडे धर्मादाय हॉस्पिटलात. बाहेर पडलो तेव्हा नर्सनं कोट अंगावर घालून दिला. मधले चार-पाच दिवस माझ्याकडे नाहीतच. हे व्हर्नाला मी पूर्वीही सांगितलंय. तेव्हा ती असं बघायची नाही.

"तिकडे आता जाऊ नकोस," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "नाही. जा."

बायकांचं काही कळत नाही.

१३ नोव्हेंबर, मंगळवार

वाईट दिवस.

मालिकेच्या पहिल्या भागात स्टेशनमास्तर तापानं फणफणलेला असतो. खाटेवर पडायचं, डोळे उघडायचे आणि विचारायचं, "गाडी आली का?" एवढंच. डोक्यावर दिवे इतके की मेकअप वितळत होता.

मी पडलो. डोळे मिटले. आणि थंडी वाजायला लागली. खोटी नव्हे. दात दातावर आपटत होते, खाट खडखडत होती. ध्वनिमुद्रणवाला ओरडला, खाट घट्ट करा रे कुणीतरी. डोळे उघडून मी म्हणालो, "पुढचं स्टेशन. पुढच्या स्टेशनवर सांग."

क्लॉसननं, म्हणजे दिग्दर्शकानं, काम थांबवलं. "हे कुठून आणलंस?"

"चुकलो. परत करू."

परत तेच. वाक्य तोंडात धरून ठेवलं, दातांनी चावून ठेवलं, तरी बाहेर आलं तेच. तिसऱ्यांदाही. आजवर मी एक वाक्य चुकलेलो नाही. चुकायला फारशी वाक्यं नव्हतीच म्हणा. स्टुडिओची नर्स आली. ताप नाही, नाडी ठीक. माझे हात मात्र बर्फासारखे होते. तिनं दोनदा चोळले आणि मग स्वतःचेच हात झग्याला पुसले.

संध्याकाळी मॅनी: "आजारी माणसाची भूमिका दिली तर खराखुरा आजारी पडतोस होय? प्रेतं इतकी छान करायचास की रे. तेरा भाग आहेत, ऑर्व्हिल. निदान तेरा आठवडे जिवंत राहा."

१९ नोव्हेंबर, सोमवार

झोपेचं तंत्र बिघडलं आहे. दुपारी डोळा लागला की चुन्याचा वास येतो. घरात कुठंही रंगकाम चाललेलं नाही. शेजाऱ्यांना विचारून आलो.

२५ नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते क्रमानं लिहितो, नाहीतर सुटून जाईल.

जेवण झालं होतं. म्हातारीनं भांडी तशीच ठेवायला सांगितली आणि माझ्यासमोर बसली. सिग्ने खिडकीपाशी. बाहेरून मालगाडी जात होती. तिथं त्या दिवसातून कितीतरी जातात आणि त्या घरातलं कुणी मान वळवून बघत नाही. आज म्हातारीनं ती जाईपर्यंत वाट पाहिली.

"आता सगळं सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

मी तयारी केली नव्हती. पण सुरुवात केली आणि गोष्ट आपोआप पुढे जात राहिली. नेल्स बनूनच सांगत होतो.

"मालगाडीच्या वाघिणीत आम्ही दोघं होतो. मी आणि आणखी एक जण, कुठला तरी नेब्रास्काचा. त्याला ताप होता. इतका की त्याच्याजवळ बसलं की ऊब लागायची. इंजिनात पाणी भरायला गाडी टाकीपाशी थांबली तेव्हा वाटलं, हा इथंच मरेल. त्याला पाठीवर घेऊन उतरलो. उतार बर्फानं गुळगुळीत झाला होता. पाय सटकला. हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, कळ नंतर आली."

"कोणता पाय?" म्हातारीनं विचारलं.

"उजवा. गुडघ्याखाली. मग तो मला ओढत होता की मी त्याला, कोण जाणे. टाकीमागे चुन्याची जुनी भट्टी आहे, पडीक. तिच्यात शिरलो. रात्रभर बर्फ. त्याला झोपू द्यायचं नव्हतं. झोपला असता तर उठला नसता. म्हणून मी बोलत राहिलो. घरातलं सगळं सांगितलं. ट्रिग, विहीर, सिग्नेची भीती, तू चुलीवर ठेवतेस ते निळं भांडं. तो विचारायचा, मग पुढे? मी पुढे सांगायचो."

सिग्ने खिडकीपासून वळली. मी तिच्याकडे पाहिलं नाही. प्रसंगाच्या मध्येच दुसऱ्या नटाकडे बघितलं की लय जाते.

"सकाळी गाडी आली, पाण्याला थांबली. मला चालता येत नव्हतं. त्याला येत होतं, जेमतेम. मी कोट काढून त्याच्या अंगात घातला. म्हणालो, पुढचं स्टेशन माझंच आहे. तिथं उतर. कुणालाही सांग, नेल्स ओस्टबी भट्टीत आहे. तासाभरात येतील. तो हो म्हणाला. दोनदा म्हणाला. आणि चढला."

मी थांबलो. यापुढे काही नव्हतं. नेल्सला यापुढचं माहीत असणार कसं?

"आणि त्याचं काय झालं?" म्हातारी म्हणाली. "त्या दुसऱ्याचं."

"मला काय माहीत, मूर. मी भट्टीत होतो."

"आमच्या स्टेशनवर तो उतरला नाही."

"झोप लागली असेल. ताप होता त्याला."

"हो," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "ताप होता." तिनं टेबलावरचे कण हातानं गोळा केले. "जगला असेल का तो?"

"देव जाणे."

"जगला असेल," ती म्हणाली. "लग्न केलं असेल. चार पैसे मिळवत असेल." मग उठून तिनं भांडी विसळायला घेतली.

अंगणात सिग्नेनं माझी बाही धरली. तिथून बारा मैलांवर एक टाकी आहे, म्हणाली, ड्राय फोर्कला. इंजिनं डिझेलवर गेल्यापासून बंद पडलेली. मागे भट्टीही होती. नेल्स हरवला त्याच वर्षी सप्टेंबरात डोंगरावरून पूर आला आणि तिचं तोंड मातीनं बुजलं. तिथं शोधायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"अहो बाई, ही गोष्ट आहे," मी म्हणालो. "मी रचली."

ती म्हणाली, "घरी जा, टिबेट्ससाहेब. सांभाळून चालवा."

लिहिताना लक्षात येतं, तो दुसरा माणूस नेब्रास्काचा का केला मी? ओळखीचा प्रांत तोंडात बसलेला म्हणून असेल. लेखकही असंच करत असणार.

१ डिसेंबर, शनिवार

सिग्नेचा फोन. शेजारचे चार बागायतदार फावडी घेऊन गेले होते. दोन दिवस माती उपसली. भट्टीत, मागच्या भिंतीला टेकून बसलेला सांगाडा मिळाला. उजव्या नडगीचं हाड मोडलेलं. चाकूवर एन आणि ओ ही अक्षरं.

फोन ठेवून मी ओट्याला धरून उभा राहिलो. व्हर्नानं काय झालं विचारलं नाही. खुर्ची पुढे सरकवली.

"सुचलं होतं मला ते," मी म्हणालो. "नुसतं सुचलं होतं गं."

"त्या बाईनं," व्हर्ना म्हणाली, "एकदा तरी तुला नेल्स म्हणून हाक मारली?"

आठवून पाहिलं. तीन दुपारी, तीन जेवणं. नाही मारली. एकदाही नाही. नटाचं लक्ष आपल्या वाक्यांवर असतं, समोरच्याच्या नाही. हा दोष माझ्यात पहिल्यापासून आहे.

४ डिसेंबर, मंगळवार

शेरीफच्या कचेरीतला माणूस येऊन गेला. मध्यमवयीन, सभ्य; टोपी गुडघ्यावर ठेवून बसला.

"तुम्हाला जागा कशी कळली?"

"माहीत नाही. मी नट आहे. कधीकधी..."

"बत्तीसच्या जानेवारीत कुठं होतात?"

"हॉस्पिटलात."

"त्याआधी?"

"मालगाडीत."

"कोणत्या मार्गानं आलात?"

"ताप होता. आठवत नाही."

तो लिहीत होता, तो थांबला. माझ्याकडे बघितलं, मग व्हर्नाकडे. वही मिटून म्हणाला, "मोडलेला पाय आणि थंडी. दुसरं काही निघालेलं नाही. ओस्टबीबाईंनी सांगितलंय, त्या माणसाला त्रास देऊ नका. रविवारी दफन आहे, या म्हणाल्यात. दोघांनीही."

व्हर्ना त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली. बरंच बोलली त्याच्याशी. परत आल्यावर तिनं माझे केस सारखे केले, मी बाहेर कुठं निघालो नव्हतो तरी.

६ डिसेंबर, गुरुवार

स्टेशनमास्तर दुसऱ्याला दिला. मॅनी अर्धा तास स्टुडिओला शिव्या घालत होता. मीच त्याची समजूत काढली. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी दिवसभर त्या भिंतीचा विचार करत होतो, तिला टेकून बसल्यावर भट्टीच्या तोंडातून काय काय दिसत असेल याचा. रूळ दिसत असणार. टाकी दिसत असणार. किती वाजेपर्यंत ऊन आत येत असेल तेही मला सांगता येईल असं वाटतं, आणि ते मला नको आहे.

९ डिसेंबर, रविवार

दफन झालं. पाद्री, सिग्ने, ते चार शेजारी, आम्ही दोघं. जमीन गोठलेली होती, त्यामुळे मातीची ढेकळं पेटीवर दगडासारखी वाजली. म्हातारी रडली नाही. इतक्या वर्षांनी तिला कुठं बघायचं ते कळलं होतं, आणि ती तिकडं बघत होती.

घरी आल्यावर व्हर्ना आणि ती बाग बघायला म्हणून गेल्या. या दिवसांत बागेत बघण्यासारखं काही नसतं. खिडकीतून मला दिसत होतं, व्हर्ना हातांनी काहीतरी दाखवत होती, सुई धरल्यासारखी बोटं करून. म्हातारी मान हलवत होती. मग तिनं व्हर्नाचा हात आपल्या हातात घेतला. येताना दोघी एकमेकींना धरून आल्या. बर्फावरून घसरू नये म्हणून असेल.

जेवणाला सगळे बसलो. मी नेहमीच्या खुर्चीत. सवयीनं म्हणालो, "मूर, बटाटे..."

"मला रॅग्ना म्हण," ती म्हणाली. कठोरपणे नव्हे. "नेल्सला आज मी जमिनीत ठेवून आले. आता त्याचं सोंग पुरे. तू बोल."

"मी काय बोलणार? मला काही माहीत नाही, बाई. खरंच."

"एकच विचारायचं आहे. मग परत कधी विचारणार नाही. तू पुढच्या रविवारीही ये, त्याच्या पुढच्याही ये. छाटणीला सिग्नेला माणूस हवंय." तिनं हातातला सुरा पावाशेजारी ठेवला. "गाडी निघाली तेव्हा तो झोपला होता की जागा होता?"

व्हर्नानं टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

उत्तर सोपं होतं. झोपला होता म्हणायचं. कुणीही हेच लिहून दिलं असतं, कुठल्याही दिग्दर्शकानं हेच मागितलं असतं: गाढ झोपला होता, चेहरा शांत होता, त्याला काही कळलं नाही. म्हातारीला तेवढं घेऊन राहिलेली वर्षं काढता आली असती. मी तोंड उघडलं ते तेच म्हणायला.

"जागा होता," मी म्हणालो.

तिनं खुर्ची पुढे ओढली.

"भिंतीला टेकून बसला होता. नुसत्या सदऱ्यावर. मी वाघिणीच्या दारातून मागे बघितलं. त्यानं हात वर केला, हलवला नाही, नुसता वर धरला, मला नीट दिसावा म्हणून. वळण येईपर्यंत तसाच धरून होता."

सिग्नेनं तोंडावर हात घेतला. रॅग्नानं मान डोलावली, एकदाच. मग सुरा उचलला, पावाचा जाड तुकडा कापला आणि माझ्या ताटात ठेवला. मी खाल्ला. सगळा खाल्ला. ती बघत होती.

येताना गाडी व्हर्नानं चालवली. घाटात मी डोळे मिटून घेतले होते. एवढी साधी गोष्ट मला का जमली नाही ते कळत नाही. आयुष्यभर लोकांना हवं ते वाक्य हवं तसं म्हणत आलो. म्हाताऱ्या बाईसाठी एक शब्द बदलायचा होता. पण तो झोपलेला नव्हता.